गाडी दुपारी येत नाही

वाफेच्या इस्त्रीवर काम करताना बोटात अंगठी ठेवू नये.

लिफाफ्याला खिडकी असेल तर आत आनंदाची बातमी नसते.

"चौऱ्याऐंशी. शून्य सात. एकतीस. लिहिलंत? परत सांगू?"

लोकरी कोटाच्या आतल्या खिशात एकदा कवळी सापडली होती. अर्धीच, वरची. न्यायला कुणी आलं नाही.

माणूस तसा वाईट नाही. त्याला कल्पना सुचतात, एवढंच.

उजव्या हाताला बटण लागत नाही, पण डाव्या हाताने फोन उचलता येतो.

"अभिनंदन! आपलं खातं सुरू झालं आहे."

तर हे सगळं आता एकाच दुकानात आणून ठेवू, म्हणजे घडी बसेल.

दुकान लाँड्रीचं. रुंदी एवढी की दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यायचं. दाराशी भिंतीला लागून एक बाक, मग काउंटर, काउंटरच्या मागे छताला टांगलेल्या कोटांची रांग, आणि त्या कोटांच्या पलीकडे वाफेची इस्त्री. वर राहण्याच्या दोन खोल्या. दुकान ताईच्या नावावर. तिला सगळेच ताई म्हणतात; तिच्या दुप्पट वयाची माणसंसुद्धा, विशेषतः डाग निघाला नाही की.

काउंटरवर बसतात ते तिचे बाबा. त्यांचा जन्म इस्त्रीत गेला. त्यांनी दाबलेल्या बाहीवर माशी बसली तर घसरून पडेल, असं लोक म्हणायचे. मग एका सकाळी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. पाय परत आला, जीभ परत आली, हात काही आला नाही. त्यानंतर ते वरच्या खोलीत पडून राहिले. ताट नेलं की म्हणायचे, "ठेव." परत न्यायला गेलं की म्हणायचे, "ने."

त्यांना खाली आणलं ते फोनने. त्याचं असं झालं. ब्लँकेटं, पडदे, गालिचे असला जड माल दुकानात धुतला जात नाही, तो गावाबाहेरच्या धुलाईच्या कारखान्यात जातो. कारखान्याची गाडी सकाळी येते. कोपऱ्यावर आली की ड्रायव्हर फोन करतो. त्याच वेळी दुकानाच्या मोबाईलवर कारखान्याकडून सहा आकडे येतात. ते ड्रायव्हरला सांगायचे, त्याने ते आपल्या यंत्रात टाकायचे, तेव्हा कुठे गाडीचं दार उघडतं. एकदा ताईचे दोन्ही हात साबणात होते, म्हणून तिने फोन वर नेऊन कोपराने बाबांच्या अंथरुणावर ढकलला आणि म्हणाली, "सांगा हो त्याला तेवढे आकडे."

बाबांनी सांगितले. दोनदोनच्या जोडीने, सावकाश, रेडिओवर बातम्या दिल्यासारखे. दुसऱ्या दिवशी ते दाढी करून खाली आले आणि काउंटरमागच्या खुर्चीत बसले. दाढी डाव्या हाताने केलेली, गालावर तीन ठिकाणी कापलं होतं.

त्या दिवसापासून ताईने मनाशी एक गाठ मारून ठेवली. दुकान चालेल, न चालेल. बाबांचं हे सकाळी उठणं मोडता कामा नये.

*

पहिलं पत्र आलं तेव्हा ती हसली होती. कुठल्याशा ऑनलाइन पैसे पाठवायच्या कंपनीचं होतं. तिचं नाव, तिचा पत्ता, सगळं बरोबर. आपण उघडलेल्या खात्याबद्दल आभारी आहोत. खाली एक फोन नंबर, एक काळापांढरा चौकोन, आणि सही इतकी गोल की ती माणसाची असणं शक्य नव्हतं.

"काय आहे गं?" बाबा.

"जाहिरात."

दुसरं पत्र दुसऱ्याच कंपनीचं. त्यात प्लास्टिकचं कार्ड, त्यावर उठावाच्या अक्षरांत तिचं नाव. स्वतःचं नाव असं अंगावर आलं की कसं वाटतं, ते ताईला तेव्हा कळलं. परक्याने आपला कोट घालून समोरून चालत जावं, तसं.

तिसरं आलं तेव्हा तिने टपालवालीला गाठलं. "माझी पत्रं माझ्याच हातात देत जा. बाबांकडे नको."

"काय, प्रेमपत्रं का?"

"या वयात? तेवढं नशीब कुठलं!"

हसली. हसणं तोंडापुरतं होतं.

*

बँकेच्या खिडकीवर बसणारी बाई ताईची जुनी गिऱ्हाईक. तिच्या करड्या कोटाचं अस्तर ताईनेच दोनदा शिवून दिलेलं. तिने तिन्ही पत्रं पत्ते पिसल्यासारखी फिरवली.

"ही खाती तुम्ही उघडलीत?"

"नाही हो."

"म्हणजे कुणीतरी तुम्ही होऊन उघडलीत."

"पण माझे पैसे तर जागच्या जागी आहेत."

"तुमच्या पैशात कुणाला रस आहे? नाव हवंय तुमचं. कुणाला तरी लुबाडायचं, ते पैसे तुमच्या नावाच्या खात्यात घ्यायचे आणि लगेच पुढे पळवायचे. पोलीस माग काढत आले की तुमच्या दारात."

"चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"संन्याशाने आधी तक्रार करून ठेवावी, मग नाही होत फाशी."

"या पत्रात नंबर दिलाय. करू फोन?"

बाईने पत्र उलटं टाकलं, कुणी उघड्या भांड्यावर झाकण ठेवावं तसं. "मुळीच नाही. पत्र खरंही असेल, खोटंही असेल. कधी चोरच पत्र पाठवून विचारतो, काय हो, चोरी झाली का तुमच्याकडे? तो चौकोनही स्कॅन करायचा नाही. कंपन्यांचे खरे नंबर मी शोधून देते. आणि एक सांगा. ओटीपीशिवाय अशी खाती उघडत नाहीत. तुमच्याच फोनवर आला असणार. फोन कुणाच्या हातात असतो?"

"आमच्याच."

"आमच्याच म्हणजे कुणाच्या?"

ताई परतताना तोच हिशेब करत होती. आपल्या हातात, पण इस्त्री चालू असताना नाही. धाकट्या भावाच्या हातात, रोज संध्याकाळी तो दुकानात आला की. बाबांना ती मोजतच नव्हती. बाबांना काय, फोन उचलता येतो आणि समोर आलेले आकडे वाचून दाखवता येतात, बस.

काही वेळा उत्तर माणसाच्या ओठांवरून जातं आणि माणूस त्याला वाट करून देतो.

*

तिच्या धाकट्या भावाला घरात उद्योगपती म्हणतात. आधी त्याने जुन्या सायकली विकल्या. मग गच्चीवर मधमाश्या पाळल्या. त्या शेजाऱ्यांना चावल्या आणि उडून गेल्या. आता फोटोंच्या चौकटी बनवायचं दुकान आहे. लहानपणी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करायचा. सही बाबांपेक्षा बरी असायची, म्हणूनच पकडला गेला.

"ये ये, ताई! बस. त्याच्यावर नको, गोंद लावलाय."

ताईने लिफाफे भुशाने माखलेल्या टेबलावर ठेवले.

"हे काय?"

"तूच सांग."

"अभिनंदन आपलं... अरे वा! तू कधी उघडलंस?"

"माझी जन्मतारीख कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. आणि त्यातलं एक वर्ष तू दर वर्षी खातेस, तेही फक्त मलाच माहीत आहे."

"दात काढू नकोस. माझ्या नावाने कुणीतरी खाती उघडतंय. ओटीपी दुकानाच्या फोनवर येतोय. त्या फोनची खटपट तूच करतोस."

उद्योगपतीच्या हातात लाकडी पट्टी होती. ती त्याने हळूच भिंतीला टेकवली, पडू नये म्हणून परत नीट केली.

"कुणीतरी म्हणजे मी?"

"मी तसं म्हटलं का?"

"तू इतकं चालत आलीस ते मला विचारायला, की मला सांगायला?"

"हे बघ, तू कुणाच्या नादाला लागून काही केलं असशील तर आत्ताच बोल. मी निस्तरते. बाबांच्या कानावर जाता कामा नये. ते आत्ता कुठे माणसांत आलेत. आणि मागे ती सही—"

"मी दहा वर्षांचा होतो, ताई! गणितात नापास झालो होतो!"

"ओरडू नकोस."

"छान. म्हणजे गुन्हा ठरला, शिक्षा ठरली, वर माफीही मंजूर झाली. मी नसतो तरी चाललं असतं की." त्याने खिशातून जुडगा काढला, नखाने कडी उलगडत बसला, एक किल्ली सोडवली. "ही दुकानाची. घेऊन जा. संशयिताकडे नको."

ताईला नको म्हणायचं होतं. पण तोवर हात पुढे गेला होता.

*

(इथे उद्योगपती दुकानात यायचा बंद झाला. बाबा विचारत, "आपले उद्योगपती दिसत नाहीत?" ताई सांगे, "कामात आहे." किल्ली खिळ्याला टांगलेली.)

*

मग ती दुपार. ताईच्या पुढ्यात एका गिऱ्हाइकाचा काळा कोट होता, कॉलर दाबायची राहिली होती. कोटांच्या पलीकडून बाबांचा आवाज येत होता.

"हां, बोला... हात ना? हात आहे तिथेच आहे, कुठे जातोय!" हसले. बाबा हसले. "तुमच्या आईला उतार पडला का?... गरम पाण्याने शेकायला सांगा... थांबा, आलं बघा इथे. त्रेसष्ट. शून्य नऊ. अठरा. परत सांगू?"

ताईने सवयीने कान तिकडून काढून घेतला. आणि मग पुन्हा दिला.

गाडी सकाळीच येऊन गेली होती. धुतलेल्या ब्लँकेटांचा ढीग तिच्या पायाशीच पडला होता, अजून दोऱ्याही सोडल्या नव्हत्या.

दुपार. त्रेसष्ट, शून्य नऊ,

वाफेचा फूत्कार झाला, तशी ती भानावर आली. इस्त्री कॉलरवर राहिली होती. काळ्या कापडावर झळाळी उठली. अशी झळाळी पुन्हा जात नाही. धंद्यात तिला कापड मेलं म्हणतात.

"कोण होतं, बाबा?"

"गाडीवाला."

"या वेळेला?"

"हा दुसरा. दुपारचा. फार सालस पोरगा आहे गं. आधी माझी चौकशी करतो, मग कामाचं बोलतो. नाहीतर तो सकाळचा, काका आकडे, की ठेवला फोन."

ताईने काउंटरवरून फोन उचलला. संदेश उघडले. कारखान्याचे आकडे आणि त्यांच्यामध्ये शहाण्या मुलांसारखे बसलेले दुसरे आकडे. आणि त्यांच्याखाली अगदी स्पष्ट लिहिलेलं: हा कोड कुणालाही सांगू नका. बाबा आकड्याच्या पुढचं वाचत नसणार. आकडा मागितला की आकडा सांगायचा, हीच त्या दुकानाची रीत होती आणि ती तिनेच त्यांना लावली होती.

बोलायला तोंड उघडलं. समोर बाबांचा गाल, त्यावर ताजं कापलेलं.

"बाबा, सांगायचं राहिलं. कारखान्याने पद्धत बदलली. आता फोनवर आकडे सांगायचे नाहीत. कुणालाच नाहीत."

"मग माल कसा देणार?"

"सही घेऊन."

"सही," बाबा म्हणाले, आणि मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"ती मी करीन," ताई घाईने म्हणाली आणि मग जीभ चावली. सगळ्या जगात दुसरं खोटं सुचलं नव्हतं तिला.

*

खिडकीवरच्या बाईने शोधून दिलेल्या नंबरवर.

"खातं बंद करायचंय? फक्त खातेदारालाच करता येतं, मॅडम."

"पण मी खातेदार नाही. तेच तर सांगतेय."

"मग मी ते बंद कसं करू?"

"बरं, मी खातेदार आहे."

"खातं कोणत्या दिवशी उघडलंत?"

"मी उघडलंच नाही!"

"मॅडम, आपण एकदा ठरवून घ्या."

दुसऱ्या कंपनीत आधी बराच वेळ पियानो. तिसरीत एक शहाणी मुलगी भेटली, तिने मुकाट्याने सगळं लिहून घेतलं, खाती गोठवायची कशी ते सांगितलं, पोलिसांत आधी कुठे जायचं तेही सांगितलं. ताई पोलीस चौकीत जाऊन आली. तिथल्या माणसाने पत्रांच्या प्रती घेतल्या आणि विचारलं, "घरातलं कोणी?" ताई म्हणाली, "नाही." मग म्हणाली, "म्हणजे, हो. पण नाही."

सकाळच्या ड्रायव्हरला तिने सांगून ठेवलं: फोन करायचा नाही, आत यायचं, आकडे मी दाखवीन. तो आला की ती फोन घेऊन कोटांच्या मागे जायची. बाबा खुर्चीत बसून तिकडे बघायचे, कोटांच्या खालून दोन जोडी पाय दिसत.

*

वरच्या खोलीतून, उद्योगपतीला.

"मी बोलतेय."

"कोण मी? तुझ्या नावावर बरीच खाती आहेत. त्यातलं कुठलं बोलतंय?"

"बाबा होते रे."

तिकडे करवत चालू होती, ती थांबली.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही. कसं सांगू?"

"बरोबर आहे. मला विचारायला तू चालत आलीस. बाबांना सांगायला फोनसुद्धा नको, जिना उतरून यायचं फक्त."

"माझं चुकलं. माफ कर."

"करतो. सवड मिळाली की करतो. आत्ता हातात काम आहे."

करवत पुन्हा सुरू झाली. फोन त्याने ठेवला नव्हता. ताई बराच वेळ लाकूड कापलेलं ऐकत राहिली.

*

ताई बँकेत गेली होती त्या सकाळी टपालवाली रजेवर होती. तिच्याऐवजी आलेल्या माणसाने काउंटरवर जो होता त्याच्या हातात लिफाफा दिला.

ताई आली तेव्हा लिफाफा दातांनी फाडलेला होता. कागद काउंटरवर पसरून त्यावर बाबांनी जुनी लोखंडी इस्त्री ठेवली होती, उडू नये म्हणून.

"तुमच्यासाठी नव्हतं ते, बाबा."

"तुझं खातं बंद केल्याचं आहे. उघडल्याची तारीख दिली आहे. वेळही दिली आहे." बाबांचं बोट त्या ओळीवर होतं. "दुपारची आहे."

"मी सांगणारच होते—"

"किती आहेत अशी?"

ताईने सांगितलं. मग पोलीस चौकीचंही सांगितलं, उद्योगपतीचंही. एकदा बोलायला लागल्यावर काय राखायचं?

बाबांनी ऐकून घेतलं. मान हलवली. खिळ्याला टांगलेल्या किल्लीकडे पाहिलं. "तरीच."

"तुमची काय चूक? तो सराईत होता. भल्याभल्यांना फसवतात हे लोक. आणि आकडे सांगायचे असतात हे मीच तुम्हाला—"

"गाडी दुपारी येत नाही," बाबा म्हणाले.

"अं?"

"इतकी वर्षं त्या गाडीला माल दिलाय मी. ती दुपारी येत नाही. कधीच आली नाही. हे मला माहीत नाही, असं वाटतं का तुला?"

बाहेर कुणीतरी काचेतून आत डोकावलं, दोघांचे चेहरे बघितले आणि पुढे गेलं.

"मग सांगितलेत का, बाबा?"

बाबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून काउंटरवर ठेवला, एखादी वस्तू ठेवतात तसा.

"विचारत होता," ते म्हणाले. "रोज विचारायचा, काका, कसे आहात?"

यावर ताईला बोलण्यासारखं काही होतं. मी पण विचारते की, असं म्हणता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. ती विचारायची: जेवलात का, गोळी घेतलीत का, गाडी आली का.

*

दुसऱ्या दिवशी बाबा खाली आले. आले, हे आधी सांगायला हवं, कारण ताई पहाटेपासून जिन्याकडे कान लावून होती. दाढी केली नव्हती. ते काउंटरच्या आत गेले नाहीत. दाराजवळच्या बाकावर बसले, गिऱ्हाइकं बसतात तिथे, टोकाला, दुसऱ्याला जागा ठेवून.

"बाबा, आत या ना."

"इथे बरं आहे."

"थंडी लागेल. दार सारखं उघडतं."

"लागू दे."

एक बाई पडदे घेऊन आली आणि त्यांना म्हणाली, "आधी तुमचा नंबर आहे का हो?" बाबा म्हणाले, "नाही नाही, तुम्ही घ्या. मला घाई नाही." बाई गेली. ताई पडदे तसेच छातीशी धरून उभी होती.

तेवढ्यात काउंटरवर फोन वाजला. सकाळची वेळ. सकाळचा ड्रायव्हर. नव्या पद्धतीची आठवण राहिली नसेल, सवयीने लावला असेल. ताईने तो उचलला नाही. वाजणारा फोन तिने दोन्ही हातांनी काउंटरच्या कडेपर्यंत सरकवला, बाकापासून हात पुरेल इतका.

"बाबा, घ्या. खरा आहे हा. माझ्यासमोर सांगा, मी उभी आहे इथे."

बाबांनी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. दुकानात पहिल्यांदाच आलेल्या माणसाचा असतो तसा सभ्य चेहरा होता.

"तुमचा फोन वाजतोय, ताई," ते म्हणाले.

वाजून वाजून तो थांबला. मग कोपऱ्यावरून गाडीचा आवाज आला.

पत्रं सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात उद्योगपतीने त्या फोनवरची सगळी अक्षरं, आकड्यांखालच्या त्या ओळीचीसुद्धा, सगळ्यांत मोठी करून दिली होती, कारण बाबांना चष्मा लावायचा कंटाळा होता.